मोत्याचे पाणी

जुना जवाहिऱ्या मोती हातात घेतला की त्याचे पाणी बघतो. डोळ्यांनाही आपण पाणीदार म्हणतो, तलवारीलाही आणि एखाद्या माणसालाही. सोळाव्या शतकात वृंदावनात भक्तीचे रसशास्त्र रचणाऱ्या रूप गोस्वामींनी लावण्याची व्याख्या केली तीही मोत्यावरूनच: मोत्याच्या आत जी तरळती झाक असते, तशी झाक अंगोपांगांत जाणवली की ते लावण्य. या शब्दाचे मूळ आणखी घरगुती आहे. लवण म्हणजे मीठ, म्हणून लावण्य म्हणजे खारेपणा. मीठ पदार्थात वेगळे काढून दाखवता येत नाही, पण ते नसले की पहिल्याच घासाला कळते.

रूप आणि लावण्य हे दोन शब्द आपल्या परंपरेने असे वेगळे ठेवले आहेत. रूप म्हणजे नाकडोळे, वर्ण, बांधा. ते जन्मासोबत येते आणि वयासोबत ओसरते. लावण्य त्या रूपातून पाझरते, आणि कधीकधी रूप नसतानाही असते. ते साधनेने येते का, हा प्रश्न जुना आहे. योगग्रंथांनी त्याला उत्तर दिले, आयुर्वेदाने दिले, संतांनी दिले, आणि गेल्या शंभर वर्षांत योगवर्गांनी आणि प्रसाधनांच्या बाजारानेही दिले. ही उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. ती शेजारी शेजारी ठेवून वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवत गेली: साधनेने सौंदर्य येते असे जवळजवळ सगळेच सांगतात, पण सौंदर्यासाठी साधना करा असे आपल्या महत्त्वाच्या ग्रंथांतला एकही सांगत नाही.

श्वेताश्वतर उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात योगाची पहिली चिन्हे सांगितली आहेत. अंग हलके वाटणे, निरोगीपण, लोभ नसणे, वर्णाला उजाळा, आवाजातला गोडवा, शरीराचा चांगला गंध. पंधराव्या शतकाच्या आसपास स्वात्मारामांनी हठयोगप्रदीपिका लिहिली. तिच्या दुसऱ्या उपदेशाच्या शेवटी हठसिद्धीची लक्षणे येतात: सडपातळ अंग, चेहऱ्यावर प्रसन्नता, निर्मळ डोळे, प्रदीप्त अग्नी, नाडीशुद्धी. दोन्ही याद्यांमध्ये शतकानुशतकांचे अंतर आहे, तरी त्या एकाच घरातल्या वाटतात. दोन्हींत नाकाच्या सरळपणाबद्दल किंवा गोऱ्या रंगाबद्दल अक्षर नाही. आहे ते डोळ्यांच्या निर्मळपणाबद्दल, आवाजाबद्दल, हलकेपणाबद्दल. आणि दोन्ही याद्या लक्षणांच्या आहेत. वैद्य नाडी बघून प्रकृती ओळखतो तशी ही गुरूने शिष्याची प्रगती ओळखण्याची खूण आहे. शिष्याने रोज सकाळी आरशात बघून तपासायची ही गोष्ट नव्हे.

पतंजलींकडे गेले की गुंता वाढतो आणि विषयाला खरी खोली येते. योगसूत्रांच्या विभूतिपादात कायासंपत् नावाची एक सिद्धी सांगितली आहे. तिचे चार घटक आहेत: रूप, लावण्य, बल आणि वज्रासारखी घट्ट अंगकाठी. लावण्य हा शब्द तिथे उघड उघड येतो. पण त्याच ग्रंथाच्या साधनपादात, शौच या नियमाचे फळ सांगताना पतंजली स्वांगजुगुप्सा म्हणतात. स्वतःच्याच देहाची किळस, निदान त्याच्याबद्दलची विरक्ती. एकीकडे लावण्याचे वचन आणि दुसरीकडे देहाचा कंटाळा! पुष्कळ वाचक इथे अडखळतात. काही आधुनिक व्याख्याते तर हे सूत्र घाईघाईने ओलांडून पुढे जातात. मला वाटते, ते ओलांडू नये. त्याच्या लगेच पुढच्या सूत्रात शौचाची आणखी फळे आहेत: सत्त्वशुद्धी, मनाची प्रसन्नता, एकाग्रता, इंद्रियजय आणि आत्मदर्शनाची पात्रता. रोज देह स्वच्छ करणाऱ्याला एक दिवस कळते की हा पुन्हा मळणारच, आणि तेव्हा त्याची देहावरची पकड सुटते. पकड सुटल्यावर मन प्रसन्न होते. माझ्या वाचनात या दोन सूत्रांचा क्रम असा लागतो, आणि कायासंपत् यानंतर फार पुढे, पंचमहाभूतांवर जय मिळाल्यावर येते. ज्याला देहाचे कौतुक उरलेले नाही, त्याच्याच वाट्याला देहाचे लावण्य येते. शिवाय विभूतिपादातच पतंजलींनी बजावले आहे की सिद्धींच्या वैराग्यानंतरच कैवल्य. म्हणजे लावण्य आले तरी तिथे थांबायचे नाही.

या सगळ्यात रोजच्या माणसाला हाताशी धरता येईल असे सूत्र समाधिपादात आहे. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल आनंद, पापी माणसाबद्दल उपेक्षा. या चार भावनांनी चित्त प्रसन्न होते. यातली सगळ्यात अवघड पहिली. दुःखी माणसाबद्दल कळवळा वाटणे त्यामानाने सोपे. शेजाऱ्याचे नवे घर बघून, मैत्रिणीच्या मुलीचे लग्न ठरल्याचे ऐकून चेहरा आतून उजळणे कठीण. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ साली चेहऱ्याच्या स्नायूंवरचे आपले प्रयोग छापले. ओठांचे कोपरे उचलणारा स्नायू माणूस मनात आणेल तेव्हा हलवू शकतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाशिवाय तसा हलत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. प्रसन्नता चेहऱ्यावर चढवता येत नाही, हे पतंजलींचा अभ्यास करणाऱ्याला वेगळ्या वाटेने कळलेले असते.

आयुर्वेदाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण लेप, उटणी आणि तेले यांवर पुष्कळ लिहिले जाते आणि मुद्द्याची गोष्ट मागे राहते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनाचा अध्याय आहे. आवळ्यापासून हिरड्यापर्यंत अनेक कल्प सांगून झाल्यावर त्या अध्यायाच्या शेवटच्या पादात आचाररसायन येते. खरे बोलणारा, न रागावणारा, कोणाला न दुखावणारा, गोड बोलणारा, दान देणारा, जपात आणि स्वच्छतेत रमणारा, झोप आणि जाग यांचे प्रमाण राखणारा, दूधतूप नेमाने घेणारा, अहंकार नसलेला माणूस हा नित्य रसायन घेणाराच समजावा, असा त्याचा आशय आहे. कांती, वर्ण आणि स्वर ही रसायनाची फळे त्याच ग्रंथात आधी मोजलेली आहेत. औषधांच्या यादीत वागणुकीला जागा देणारा हा उतारा प्रत्येक सौंदर्योपचार केंद्राच्या भिंतीवर असायला हवा, असे मला मनापासून वाटते.

आता ज्ञानेश्वर. मराठीत या विषयाचा गाभा ज्ञानेश्वरीत आहे, आणि तो दोन ठिकाणी आहे. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये नेवाशाला सांगितलेल्या या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागी झाल्यावर योग्याच्या देहात काय घडते याचे विलक्षण वर्णन आहे. जुना देह जणू गळून पडतो आणि नवा फुटतो. नवी नखे, नवे दात, नवी त्वचा. सोनचाफ्याची कळी, अमृताची मूर्ती, कोवळेपणाचा भरात आलेला मळा अशा उपमांवर उपमा येत राहतात. असा योगी समुद्रापलीकडचे बघतो आणि मुंगीच्या मनातले ओळखतो. नाथपंथाचा वारसा निवृत्तिनाथांकडून मिळालेल्या तरुणाने हे सांगितले आहे, आणि सांगताना त्याची वाणी देहाच्या सौंदर्याने भारून गेलेली दिसते. देहाला तुच्छ मानणाऱ्याला असे लिहिता येणार नाही. पण हे वर्णन तिथे थांबत नाही. पुढे तोच देह तत्त्वातत्त्वांत विरत जातो, देहानेच देहाला गिळावे तसा. सोनचाफ्याची कळी उमलते ती नाहीशी होण्याच्या वाटेवर. श्रीकृष्णांच्या मनातला हा नाथपंथाचा संकेत आहे, असे ज्ञानेश्वर तिथे सुचवतात.

हे झाले योग्याचे सौंदर्य. ते थोर आहे, पण दूरचे आहे. माझे मन अधिक रेंगाळते ते तेराव्या अध्यायात. गीतेने ज्ञानाची लक्षणे मोजताना अहिंसा असा एकच शब्द वापरला. ज्ञानेश्वरांनी त्या एका शब्दावर शंभराहून अधिक ओव्या खर्ची घातल्या. आधी त्यांनी अहिंसेच्या नावाखाली चालणारी हिंसा दाखवली: यज्ञातली, आणि औषधासाठी झाडे मुळासकट उपटणारी वैद्यकातलीसुद्धा. मग ते अहिंसा अंगी मुरलेला माणूस दाखवू लागतात, आणि तो कसा ओळखायचा? तर त्याच्या चालण्यावरून. बगळा पाण्यात पाऊल टाकताना लाट मोडू नये म्हणून जपतो तसा तो जमिनीवर पाऊल टाकतो. भुंगा कमळावर उतरताना केसर चुरगळेल या भीतीने पाय हळुवार टेकवतो, तसा. परमाणूंमध्येही जीव भरलेले आहेत हे जाणून त्याची पावले दयेने चालतात. मांजर पिल्लाला दातांत धरते तेव्हा दातांना जी धार असते, तेवढीच धार त्याच्या वागण्यात असते. मग त्याचे बोलणे: बोलण्याआधी माया पाझरते आणि अक्षरे तिच्या मागून येतात. मग त्याची नजर: प्राणिमात्रांत परमात्मा आहे, त्याला आपली दृष्टी टोचेल म्हणून तो सहसा बघतच नाही, आणि बघितले तर कासवीने पिलांकडे बघावे तसे बघतो. मग त्याचे हात: ते सहसा हलतच नाहीत, हलले तर जोडण्यासाठी, अभय देण्यासाठी किंवा पीडिताच्या अंगावरून फिरण्यासाठी.

साधनेतून आलेल्या डौलाचे इतके सूक्ष्म वर्णन मला मराठीत दुसरे माहीत नाही. चाल, वाणी, नजर, हात. नर्तकाच्या शिक्षणात ज्या गोष्टींवर वर्षे घालवतात त्याच या गोष्टी. पण इथे त्यांचे माप बदलले आहे. बघणाऱ्याला ते कसे दिसते, हा प्रश्नच नाही. समोरच्या जिवाला त्याचा स्पर्श कसा होतो, हा प्रश्न आहे. ज्याच्या पायाखाली मुंगी सुखरूप राहते त्याची चाल सुंदर. तेराव्या शतकातल्या तरुणाने सौंदर्याची जागा आरशातून उचलून दुसऱ्याच्या अनुभवात ठेवली, ही मराठी विचारातली फार मोठी घटना आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

याच ज्ञानेश्वरांबद्दल आख्यायिका आहे की एकदा लोकांच्या अपमानाने दुखावून ते झोपडीची ताटी लावून बसले, आणि धाकट्या मुक्ताबाईने दाराबाहेरून त्यांची समजूत घातली. ताटीचे अभंग म्हणून ते प्रसिद्ध आहेत. जग पेटले तर संताने पाणी व्हावे, असे ती भावाला सांगते. पुन्हा पाणीच.

भक्तीची वाट योगाहून वेगळी आहे, कारण भक्तीत सौंदर्य आधी देवाचे असते. वारकरी भजनाला उभे राहिले की आरंभी रूपाचे अभंग होतात. विटेवरचे ते सावळे रूप, कटेवरचे हात, गळ्यातली तुळशीची माळ, कानांतली मकराकार कुंडले. नामस्मरण, उपदेश, काला हे सगळे त्यानंतर. आपल्याकडच्या मूर्तिपूजेला षोडशोपचारांची चौकट आहे, आणि त्यात स्नान, वस्त्र, गंध, पुष्प हे सगळे शृंगाराचेच उपचार आहेत. पंढरपूरला उन्हाळ्यात विठोबाला गारवा मिळावा म्हणून चंदनउटी पूजा होते. पहाटेची काकडआरती, मग पूजा, पोशाख, धूपारती आणि रात्री शेजारती. जो माणूस वर्षानुवर्षे दुसऱ्याला असे सजवतो, त्याचे स्वतःच्या रूपाकडचे लक्ष हळूहळू सुटत जाते, आणि हात मात्र नाजूक होत जातात. देवाच्या कपाळावर गंध लावणारा हात घरातल्या आजारी माणसाच्या कपाळावर कसा टेकतो ते बघावे.

भक्तीच्या सौंदर्याचा आणखी एक विशेष आहे, आणि तिथे ती योगापासून स्पष्ट वेगळी होते. योगाचे सौंदर्य स्थिर आहे: सैल चेहरा, संथ श्वास, अचल आसन. भक्तीचे सौंदर्य ओसंडते. नाट्यशास्त्रातून आलेले आठ सात्त्विक भाव भक्तिशास्त्राने आपलेसे केले. स्तंभ, घाम, रोमांच, आवाज फुटणे, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. वैवर्ण्य म्हणजे चेहऱ्याचा रंग उडणे. हठयोगाच्या यादीत उजळलेला चेहरा आहे, भक्तीच्या यादीत रंग उडालेला. जनाबाई तर डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी तशीच भरल्या बाजारात जाण्याची भाषा करते. आळंदीहून पंढरीपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालत आलेली, पावसात भिजलेली, टाचा फुटलेली बाई डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन फुगडी घालते तेव्हा तिचे केस विस्कटलेले असतात आणि तिला त्याची शुद्ध नसते. मी वारीच्या वाटेवर जे सर्वांत सुंदर चेहरे पाहिले, त्यांपैकी एकही नीटनेटका नव्हता.

रूप आणि आतले सत्त्व यांची फारकत सर्वांत कठोरपणे कोणी जगली असेल तर मंगळवेढ्याच्या दोघांनी. चोखोबा आणि कान्होपात्रा. चोखोबांच्या एका अभंगात वाकडा ऊस आणि त्याचा सरळ रस यांचा दृष्टांत आहे, आणि तो आज सुविचारासारखा वापरला जातो. तो तसा वापरताना एक गोष्ट विसरता कामा नये. जातीमुळे ज्याला देवळाच्या दाराबाहेर उभे केले गेले, त्या माणसाचे ते बोलणे आहे. बाहेरचा रंग बघून माणसाला दूर ठेवणाऱ्या समाजाला विचारलेला तो जाब आहे. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखोबा गेले, आणि त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी आहे. कान्होपात्रेची गोष्ट उलट बाजूने तितकीच दुःखाची. गणिकेची ती देखणी मुलगी. परंपरा सांगते की बिदरच्या बादशहाला तिच्या रूपाची वार्ता लागली, शिपाई आले, आणि तिने विठोबाच्या पायाशी देह ठेवला. मंदिरातले तरटीचे झाड तिचे म्हणून दाखवतात. आंतरिक सौंदर्याच्या गप्पांत रूपाचा असा धोका कोणी बोलत नाही. तिच्यासाठी भक्ती म्हणजे रूपाच्या बाजारातून सुटण्याची एकमेव वाट होती.

रामदासांनी या सगळ्यातला व्यवहार सांगितला. दासबोधाच्या चौदाव्या दशकात चातुर्यलक्षणाचा समास आहे. रूप-लावण्य अभ्यास करून मिळत नाही, काळा माणूस गोरा होत नाही, मुक्याला वाचा फुटत नाही. हे सगळे सहजगुण आहेत. पण अवगुण सोडले तर जातात आणि उत्तम गुण अभ्यासाने येतात, म्हणून त्यांच्या मागे लागावे. वस्त्राने शरीर सजते आणि चातुर्याने अंतर सजते, या दोहोंत थोर कोण ते तुम्हीच बघा, असे ते विचारतात. पतंजलींची कायासंपत् मानणाऱ्याला हे पटणार नाही, कारण रामदास लावण्यालाही सहजगुणांत टाकतात. मला मात्र त्यांचा रोखठोकपणा दिलासा देतो. मनाच्या श्लोकांत मनाला इतक्यांदा समजावणारा हा माणूस कोणालाही खोटी आशा दाखवत नाही.

विसाव्या शतकात हा विषय मठांतून आणि देवळांतून बाहेर पडला, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९१८ मध्ये श्रीयोगेंद्रांनी मुंबईजवळ वर्सोव्याला योगसंस्था काढली. ती पुढे सांताक्रुझला स्थिरावली. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी बायकांसाठी योगाचे पुस्तक लिहिले. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि योगमीमांसा हे नियतकालिक सुरू करून क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने बंध-क्रिया तपासायला घेतल्या. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या संस्थानातल्या शाळांमधून मुलेमुली नमस्कार घालत, आणि त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनला निघाले. भवानरावांकडे व्यायाम, चित्र आणि कीर्तन एकाच माणसात होते. पुढच्या काळात ही तिन्ही वेगवेगळ्या माणसांकडे गेली आणि आपले नुकसान झाले.

पुण्यात १९३७ पासून शिकवणाऱ्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेत एक बारकावा आहे, तो मला या विषयात फार मोलाचा वाटतो. आसनात असताना शिक्षक सांगतात: जीभ सैल ठेवा, घसा मऊ ठेवा, डोळे आत विसावू द्या. पायाचे स्नायू पूर्ण कामाला लागलेले असतात आणि चेहऱ्यावर मात्र त्याची खूण नसावी. पतंजलींनी आसनाच्या संदर्भात सांगितलेले प्रयत्नशैथिल्य ते हेच. खांद्यावर संसाराचे ओझे असताना कपाळाला आठी नसलेल्या माणसाला आपण सुंदर म्हणतो, त्याची तालीम इथे चटईवर होते. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी स्त्रियांच्या योगावर लिहिलेले पुस्तक १९८३ मध्ये आले आणि त्यात पाळी, गरोदरपण, रजोनिवृत्ती यांना धरून साधना मांडली. स्त्रीचा देह साधनेतली अडचण नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले.

समुद्रापलीकडे मात्र दुसरेच घडत होते. रीगा शहरात जन्मलेल्या इंद्रा देवी म्हैसूरला कृष्णमाचार्यांकडे शिकल्या, आणि १९४७ मध्ये त्यांनी हॉलिवूडला योगवर्ग काढला. ग्लोरिया स्वान्सनसारखी अभिनेत्री तिथे आली. १९५३ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच कायमचे तारुण्य आणि कायमचे आरोग्य होते. इंद्रा देवींची निष्ठा खरी होती आणि त्या शंभरी ओलांडून जगल्या. पण त्यानंतर लक्षणाची जागा उद्दिष्टाने घेतली. चेहरा उजळण्यासाठी अमुक आसन, सुरकुत्यांसाठी तमुक प्राणायाम. आज ही भाषा आपल्याकडे परत आली आहे. आपण तिला आपलीच म्हणून घेतो.

शास्त्राने जे तपासले त्यात एक प्रयोग मला विशेष प्रिय आहे. इटलीत पाव्हिया इथे बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी तेवीस निरोगी माणसांना लॅटिन भाषेतली जपमाळेची प्रार्थना आणि बौद्धांचा मंत्र म्हणायला लावले. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया सुधारली. हा अहवाल २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्या माणसांना कोणी श्वास मोजायला सांगितले नव्हते. ती फक्त मंत्र म्हणत होती. जात्यावर दळताना बायका ओव्या म्हणत, तेव्हाही श्वास ओवीच्या लयीवर चाले. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत सासरचा जाच आहे, लेकरांची माया आहे आणि विठोबा तर जागोजाग आहे. पहाटेच्या अंधारात, कोणी बघत नसताना चाललेली ती साधना होती.

काही बोलायला जड जाते, पण आढाव्यात ते टाळता येणार नाही. सात्त्विक सौंदर्य हा शब्द मराठी लेखनात आणि सिनेमात आपण कोणासाठी वापरतो? गोरी, नऊवारीतली, नथ घातलेली, खाली मान घालून हळू बोलणारी. एका विशिष्ट घरातले, एका विशिष्ट वर्णाचे रूप आपण आतला गुण म्हणून खपवत आलो. ज्या घरात सावळ्या विठोबापुढे रोज हात जोडले जातात, त्याच घरातून लग्नासाठी गोरी मुलगी पाहिजे असा निरोप जातो. ही विसंगती मला लहानपणापासून बोचते आणि वय वाढले तरी बोथट झालेली नाही. दुसरे असे, की मनाचे सौंदर्य जोपास हा उपदेश बहुधा सुनेला होतो, आणि त्याचा अर्थ सोस असा असतो. भक्त स्त्रियांचा इतिहास तसा नाही. शिऊरच्या बहिणाबाईंनी तुकोबांच्या भक्तीपायी नवऱ्याचा मार खाल्ला, आणि तो मार स्वतःच्या अभंगांत लिहून ठेवला. मुक्ताबाईने थोरल्या भावाला समजावले. यांच्यातली एकही मान खाली घालून बसलेली नव्हती.

आणि वरून कीर्तन आतून तमाशा, ही म्हण आपल्याच भाषेतली. साधनेची चिन्हे चेहऱ्यावर रंगवता येतात. संथ आवाज, अर्धमिटले डोळे, शुभ्र वस्त्रे यांचीही एक वेशभूषा तयार झाली आहे. तिच्यापुढे मला गाडगेबाबा आठवतात. १८७६ साली शेणगावला जन्मलेले डेबूजी. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडग्याचा तुकडा, हातात खराटा. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांची मने. पायाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांचे जुने फोटो बघताना दाढी, सुरकुत्या, फाटके कापड हे सगळे दिसते, पण नजर तिथे थांबत नाही. ती त्यांच्या डोळ्यांवर जाऊन थांबते. गोव्यातल्या बोरीच्या बा. भ. बोरकरांनी ‘लावण्य रेखा’ या कवितेत देखणेपणाची जी कसोटी लावली, मनाचा प्रांजळपणा आणि हातांचे काम, तिला उतरणारा हा माणूस.

पंढरपूरच्या मूर्तीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. तिथे देवाच्या पायांना हात लावता येतो, डोके टेकवता येते. शतकानुशतकांचे अभिषेक आणि लक्षावधी हातांचे स्पर्श यांनी ती काळ्या दगडाची मूर्ती झिजली आहे. पाय गुळगुळीत झाले आहेत, चेहऱ्याच्या रेषा पुसट झाल्या आहेत. झीज थांबावी म्हणून तिला वेळोवेळी वज्रलेप करतात. २०२० च्या टाळेबंदीतही केला. रांगेत तासन्‌तास उभी राहिलेली म्हातारी गाभाऱ्यात पोचते तेव्हा तिला जेमतेम काही क्षण मिळतात. ती त्या झिजलेल्या पायांवर कपाळ ठेवते, मान वर करून त्या पुसट चेहऱ्याकडे बघते, आणि बाहेर येऊन सोबतिणीला सांगते, आज काय गोजिरा दिसत होता गं!